पाण्याला वाट देणारा माणूस : सर विश्वेश्वरय्या

मित्रांनो, १५ सप्टेंबर आला की इंजिनिअरिंग कॉलेजांत काय काय होते ते आपल्याला पाठ आहे. पोर्चमध्ये टेबलावर पगडीवाला फोटो, त्याला झेंडूचा हार, समोर उदबत्ती. मग मान्यवरांचे ‘दोन शब्द’ (जे दोन कधीच नसतात), आभारप्रदर्शन आणि चहा-बिस्किटे. सिव्हिलवाले पुढच्या रांगेत, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाले बिस्किटांच्या आसपास! फोटोतल्या माणसाबद्दल विचारलेत तर बहुतेकांना दोन गोष्टी सांगता येतात. एक म्हणजे सरकारी कामाला एक मेणबत्ती आणि स्वतःच्या कामाला दुसरी. दुसरी गोष्ट म्हणजे गाडीच्या आवाजावरून पुढचा रूळ तुटल्याचे ओळखले ती. या गोष्टी खऱ्या किती आणि रचलेल्या किती, यावर हॉस्टेलच्या गच्चीवर रात्रभर वाद घालता येईल. तो वाद आज नको.

आज थोडी वेगळी गोष्ट सांगायची आहे. या माणसाने आयुष्यभर पाणी अडवले, हे आपल्याला माहीत असते. पण अडवलेल्या पाण्याला नेमके केव्हा सोडायचे, याचा त्याने किती विचार केला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. पूर म्हटला की आपल्याला भिंत आठवते. जितकी उंच भिंत तितके आपण सुरक्षित, असे आपल्याला वाटते. विश्वेश्वरय्यांचे मोठेपण असे, की त्यांनी वेळ आली की आपोआप बाजूला होणारी भिंत बनवली. आणि ती बनवली आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याला.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबरला झाला. सालाबद्दल दोन मते आहेत, कुठे १८६० सापडते तर कुठे १८६१. पूर्वज आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे, म्हणून ते नाव. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार, पण घरात पैसा नाही. त्यात वडील लवकर गेले. मुलगा बंगळूरला मामांच्या आधाराने शिकला. शिकता शिकता शिकवण्या करून त्याने स्वतःचा खर्च भागवला. १८८१ साली तो सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाला.

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि स्वारी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाली. हेच आजचे सीओईपी. १८८३ साली एल. सी. ई. ची परीक्षा ते पहिल्या क्रमांकाने पास झाले. आजच्या भाषेत बी. ई. म्हणा. कॅम्पस इंटरव्ह्यूची भानगड तेव्हा नव्हती. पहिल्या नंबराला मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. १८८४ साली असिस्टंट इंजिनिअर म्हणून ते नाशिकला रुजू झाले. कानडी घरातला, तेलुगू वळणाचा हा मुलगा पुढची चोवीस वर्षे महाराष्ट्रात आणि मुंबई इलाख्यात वावरला. पुण्यात असताना रानडे, गोखले या मंडळींशी त्याचा परिचय झाला. तेव्हा ‘कर्नाटकचे विश्वेश्वरय्या’ म्हणताना त्यातला थोडा हिस्सा आपलाही आहे, हे विसरू नये!

पांझरेची वाळू

पुराशी पहिली गाठ पडली ती खानदेशात. धुळ्याच्या पश्चिमेला दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाइप सायफन न्यायचे काम या नव्या इंजिनिअरकडे आले. म्हणजे नदीच्या पात्रात चर खणायचा, त्यात पाइप टाकायचा आणि कालव्याचे पाणी नदीखालून पलीकडे काढायचे. कागदावर सोपे वाटते. पण पावसाळा सुरू झाला. खणलेला चर एका पुरात वाळूने भरून जायचा. पुन्हा उपसा, पुन्हा पूर, पुन्हा वाळू. पैसा पाण्यात, आणि तोही अगदी शब्दशः!

तरुण साहेबांनी वरिष्ठांना कळवले, की काम पावसाळ्यानंतर करू. वरिष्ठांना ते रुचले नाही. कामचुकारपणाचा शेरा बसतो की काय, अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी काम पुन्हा हातात घेतले आणि तडीस नेले. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या कडक गाइडला सबमिशनची तारीख पुढे ढकला असे सांगून पाहिले आहे, त्यांना या प्रसंगाचे मर्म लगेच कळेल.

त्यानंतर सिंधमधल्या सक्करला गावाच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी म्हणजे नुसता गढूळ लोंढा. मोठ्या गाळण टाक्या बांधायला पैसा नाही. यांनी नदीकाठच्या वाळूतच विहीर घेतली. पाणी वाळूतून पाझरून विहिरीत येईल आणि येता येता गाळले जाईल, अशी योजना. १८९५ साली हे काम पुरे झाले. पैसा नसेल तर नदीलाच कामाला लावायचे, हा त्यांचा स्वभाव इथे पहिल्यांदा ठळक दिसतो.

खडकवासल्याचे दरवाजे

१८९९ साली ते पुण्यात पाटबंधारे विभागाचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी गावोगाव पाळीपाळीने आणि ठरलेल्या क्षेत्राला द्यायचे, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या चार जणांनीच सगळे पाणी ओढू नये, हा त्यामागचा हेतू. पण आपला विषय पूर आहे, म्हणून थेट खडकवासल्याला जाऊ.

मुठा नदीवरचे खडकवासला धरण १८७० च्या दशकात बांधलेले. त्या जलाशयाला तेव्हा ‘लेक फाइफ’ म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्याखालची शेती या सगळ्यांची तहान त्यावर. पावसाळ्यात धरण भरायचे आणि सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जायचे. उन्हाळ्यात मात्र पाणी पुरायचे नाही. आता तुम्ही काय कराल?

परीक्षेत हा प्रश्न आला तर निम्मा वर्ग लिहील : सांडव्याची भिंत आठ फूट वाढवा. मार्क शून्य! कारण समजून घ्या. सांडवा म्हणजे धरणाचा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याचा माथा कायमचा आठ फूट वर नेला, तर मोठ्या पुराचे पाणी त्या नव्या माथ्यावरून वाहील, म्हणजे जलाशयाची पातळी पूर्वीच्या पूर पातळीपेक्षाही आठ फूट वर चढेल. जुन्या धरणावर आधी कधी न आलेला जोर येईल, आणि वरच्या अंगाची गावे व शेते फुगवट्याखाली जातील. साठा वाढवायला जावे आणि धरणच गमवावे, अशी गत.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्याच्या माथ्यावर दरवाजे बसवले. पूर नसताना ते बंद असायचे आणि पाणी मूळ सांडव्याच्या पातळीपेक्षा आठ फूट जास्त उंचीपर्यंत अडवायचे. एवढ्याने जलाशयातला साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. पाणी त्या पातळीच्या वर चढू लागले की दरवाजे आपणहून उघडायचे आणि जादा पाणी वाहून जायचे. पातळी उतरली की ते आपणहून बंद. धरणाला पूर्वी कधी सोसावी लागली नव्हती अशी उंची पाण्याला गाठूच द्यायची नाही, हा त्यातला मुख्य हिशेब.

हे ‘आपणहून’ कसे, असा प्रश्न पडला असेल तर फर्स्ट इयरचा आर्किमिडीज आठवा. दरवाजे एका जड वजनाशी, म्हणजे काउंटरवेटशी, साखळीने तोललेले असतात. ते वजन एका टाकीत लोंबकळत असते. टाकी कोरडी असताना वजन पूर्ण भाराने ओढते आणि दरवाजा बंद राहतो. जलाशयाची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की पाणी टाकीत शिरते. पाण्यात बुडालेले वजन हलके होते, तोल फिरतो आणि दरवाजा उघडतो. पूर ओसरला की टाकीतले पाणी गळून जाते, वजन पुन्हा जड होते आणि दरवाजा बंद. ना मोटर, ना वीज, ना रात्री अडीच वाजता पावसात चाक फिरवायला धावणारा माणूस. ज्या पाण्याचे भय, तेच पाणी दार उघडते.

हे दरवाजे १९०३ साली बसले. आज सेन्सर, पीएलसी आणि स्काडा शिकणाऱ्या आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मित्रांनी एवढे लक्षात घ्यावे, की फीडबॅक कंट्रोलचे हे स्वच्छ उदाहरण दोरखंड, लोखंड आणि पाणी एवढ्यावर उभे राहिले होते. विश्वेश्वरय्यांनी त्याचे पेटंट घेतले. पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी सरकारकडून घेणे त्यांना पटले नाही, म्हणून ती त्यांनी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या टिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही याच तऱ्हेचे दरवाजे बसले.

मुसीचा कोप

१९०८ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. कारण सरळ होते. गोऱ्यांच्या खात्यात हिंदी माणूस चीफ इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल, ही आशा कमीच होती. नोकरी सोडून ते परदेशच्या प्रवासाला गेले. ते तिकडे असतानाच हैदराबादेत आकाश कोसळले.

२८ सप्टेंबर १९०८. शहराच्या वरच्या अंगाला शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला. मुसी नदी एरवी इतकी शांत, की तिच्या काठावर वस्ती दाटीने उभी होती. त्या दिवशी ती घरांवरून गेली. हजारो माणसे दगावली, हजारो घरे पडली. अफजलगंजजवळ, आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात, एक चिंचेचे झाड आहे. त्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे हैदराबादकर आजही सांगतात. एवढ्या मोठ्या राजधानीत त्या दिवशी सगळ्यात भरवशाचे पूरसंरक्षण म्हणजे एक चिंचेचे झाड!

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत पोहोचले आणि कामाला लागले. त्यांनी आधी कुठे काय बांधायचे हे ठरवले नाही. पूर आला कसा, हे आधी शोधले. पावसाचे आकडे गोळा केले, नदीचे पात्र मोजले, आणि एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. मुसीच्या खोऱ्यात शहराच्या वर लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांतले २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर, तो फुटला की दोघांचे पाणी तिसऱ्यावर. पत्त्यांच्या घरासारखे. पावसाने जेवढे केले त्यात या फुटलेल्या बांधांनी भर घातली. पाणी अडवणारी प्रत्येक गोष्ट, जादा पाण्याला वाट नसेल तर, खालच्या माणसाच्या डोक्यावर टांगलेली असते. हैदराबादने हे फार मोठी किंमत देऊन शिकले.

त्यांचा उपाय दोन भागांचा होता. पहिला भाग शहराबाहेर. मुसी नदीवर शहराच्या सुमारे साडेआठ मैल वर एक जलाशय, आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर सुमारे साडेसहा मैल वर दुसरा. पुराचा लोंढा इथे थोपवायचा आणि शहरातले पात्र जेवढे पाणी पेलू शकेल तेवढेच खाली सोडायचे. दुसरा भाग शहरात : नदीकाठच्या भिंती उंच आणि पक्क्या करायच्या, काठाची दाटी हलवून तिथे रस्ते आणि बागा करायच्या, शिवाय सांडपाण्याची नीट व्यवस्था लावायची. म्हणजे पाणी कधी काठाबाहेर आलेच, तर आधी बागेत शिरेल, माणसांच्या घरात नाही.

१९०९ च्या ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला आणि नोव्हेंबरमध्ये ते म्हैसूरला गेलेही. प्रत्यक्ष बांधकाम इतरांनी केले, हेही नोंदवायला हवे, कारण फोटोला हार घालताना आपण बाकीच्यांना विसरतो. उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला. हिमायतसागर १९२७ मध्ये, आणि त्यात नवाब अली नवाज जंग या अभियंत्याचा मोठा वाटा होता. पुरापासून दुसरा जलाशय पूर्ण होईपर्यंत एकोणीस वर्षे गेली. पूर एका दिवसात येतो, त्याचा बंदोबस्त करायला अर्धी पिढी खर्ची पडते.

म्हैसूरची वर्षे

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण. १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. सिमेंट परदेशातून आणायचे तर परवडणारे नव्हते, म्हणून विटांच्या भुकटीची सुरखी आणि चुना वापरून हे धरण उभे राहिले. याच काळात म्हैसूर बँक (१९१३) आणि म्हैसूर विद्यापीठ (१९१६) निघाले. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. १९१५ साली ‘सर’ ही पदवी मिळाली.

त्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांना राखीव जागा देण्याचे महाराजांचे धोरण त्यांना मान्य नव्हते, आणि त्याच मतभेदातून १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. काळाने या बाबतीत महाराजांच्या बाजूने कौल दिला. मोठा माणूस म्हणजे प्रत्येक बाबतीत बरोबर असलेला माणूस, असे समजायचे कारण नाही.

पुढेही नद्या त्यांना सोडत नव्हत्या. १९३७ साली ओरिसातल्या पुरांसंबंधी त्यांनी सल्ला दिला. गंगेवर मोकामाजवळ पूल कुठे बांधायचा हे ठरवायला निघाले तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होते. १९५५ साली भारतरत्न मिळाले. १९६० च्या सप्टेंबरमध्ये बंगळूरला त्यांची शताब्दी साजरी झाली आणि त्यांचे टपाल तिकीट निघाले. शताब्दीच्या समारंभाला उत्सवमूर्ती स्वतः हजर, असा योग किती जणांच्या वाट्याला येतो?

१२ जुलै १९६१

शताब्दीनंतर दहा महिन्यांनी पुण्यात जे घडले ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, अंबी नदीवर, पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. सगळी कामे पूर्ण होण्याआधीच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. धरण खचू लागले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवले. पोत्यांनी धरण वाचले नाही, पण फुटण्याची वेळ रात्रीवरून सकाळवर गेली. त्या काही तासांत किती जीव वाचले असतील याचा विचार करा! १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले. तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला, धरणावरून वाहिला आणि खडकवासलाही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

इथे आपण नीट समजून घ्यायला हवे. खडकवासल्याचे धरण मुठेच्या पुरासाठी आखलेले होते. वरचे अख्खे धरण एका सकाळी अंगावर येईल, असा हिशेब त्यात असणे शक्य नव्हते. हैदराबादच्या वरच्या तलावांची जी साखळी विश्वेश्वरय्यांनी १९०९ साली मांडून दाखवली होती, तीच इथे दोन धरणांत घडली. वरचे फुटले आणि त्याने खालचे फोडले. त्या वेळी ते बंगळूरला होते, वय शंभर. १९६२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. १९६८ पासून त्यांचा जन्मदिवस आपण इंजिनिअर्स डे म्हणून साजरा करतो.

दाराशी आलेले पाणी

आता तुम्ही म्हणाल, धरणांचे ठीक आहे, आमच्या खोलीत पाणी शिरते त्याचे काय? योग्य प्रश्न आहे. २०१९ साली सांगली-कोल्हापूर, २०२१ साली चिपळूण, आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्या. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तलावांचे बांध फुटले आणि वस्त्या बुडाल्या. म्हणजे धडा जुना झालेला नाही.

काढता-घालता येणारा अडसर आपल्याला नवा नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहिला असेल. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे, आणि जूनच्या आत ते काढून नदी मोकळी करायची. बरगे वेळेत निघाले नाहीत, तर तोच बंधारा पुराला फुगवटा देतो. हाच बरगा लहान करून घराच्या दाराला लावता येतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल बोल्टने बसवा, त्यात वॉटरप्रूफ प्लायच्या किंवा अॅल्युमिनियमच्या फळ्या सरकवा, सांध्यांत रबर घाला, बाहेरून प्लास्टिकचा कागद लावून पायाशी वाळूची पोती ठेवा. वेल्डिंगवाला आणि सुतार मिळून एका दिवसात करतील असे काम आहे. पाणी नसेल तेव्हा फळ्या जिन्याखाली.

पण बनवण्याआधी हिशेब करा. एक मीटर रुंदीच्या फळीवर ३० सें. मी. पाणी असेल तर सुमारे ४५ किलोचा जोर येतो. ६० सें. मी. झाले की १८० किलो, एक मीटर झाले की ५०० किलो. उंची दुप्पट, जोर चौपट, आणि भिंतीच्या मुळाशी येणारे मोमेंट आठपट! साध्या विटांच्या भिंतीला दोन-तीन फुटांपेक्षा जास्त पाणी एका बाजूने पेलायला लावणे धोक्याचे. शिवाय दार बंद केले तरी पाणी बाथरूमच्या जाळीतून उलटे वर येते, तिथे बूच किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, फळ्यांची उंची आधीच ठरवायची. पाणी त्या खुणेच्या वर जाऊ लागले, तर माणसे आणि सामान वरच्या मजल्यावर न्यायचे आणि पाणी आत येऊ द्यायचे. आतले पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरते आणि भिंत वाचते. ओली फरशी चार दिवसांत वाळते, पडलेली भिंत माणूस घेऊन जाते. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ साली जो हिशेब झाला, तोच हा, आपल्या उंबऱ्याच्या मापाचा.

तेव्हा मित्रांनो, या वर्षी प्रोजेक्टचे टॉपिक शोधायला इंटरनेट कॅफे किंवा मोबाइल पालथा घालण्याआधी एकदा आपल्या हॉस्टेलच्या तळमजल्याकडे, मेसच्या मागच्या नाल्याकडे आणि गावाकडच्या घराच्या उंबऱ्याकडे बघा. पाणी कुठून येते, किती चढते, कुठे जायला वाट आहे, याची मोजमापे काढा. टेप, लेव्हल आणि एक वही एवढे पुरे. एखाद्या गावातल्या दहा घरांना वेळेत निघणाऱ्या आणि वेळेत लागणाऱ्या फळ्या करून दिल्यात, तर तो प्रोजेक्ट व्हायवानंतर कपाटात धूळ खात पडणार नाही. पहिल्या पावसातच त्याची परीक्षा होईल, आणि त्या परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून प्रत्यक्ष नदी येईल.